मनोऱ्याआधी भट्टीचे झाकण

कार्बन पकडणाऱ्या यंत्रांचा विषय निघाला की पहिला प्रश्न टक्क्यांचा येतो : धुरातला किती कार्बन डायऑक्साइड अडवला? खर्चाचा प्रश्न मागाहून येतो आणि तोवर आराखडा ठरून गेलेला असतो. आपल्याच मध्य प्रदेशात, सिंगरौलीजवळच्या विंध्याचल वीजकेंद्रात एनटीपीसीने 2022 मध्ये रोज 20 टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा संच सुरू केला. तिथला 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला दहा हजार टनांच्या घरात वायू सोडतो. कोळशाच्या धुरात हा वायू बारा-चौदा टक्के असतो आणि यंत्र आखणाऱ्याला ते प्रमाण मुकाट्याने स्वीकारावे लागते. बालाघाटची गोष्ट निराळी आहे. भरवेलीचे मँगनीज आणि मॉयलचा फेरोमँगनीज कारखाना असलेल्या या गावात विजेच्या भट्ट्यांचा विचार करायचा, तर ते प्रमाण आपल्या हातात असते. खर्च आणि कार्यक्षमता यांचा मेळ शोषणाच्या मनोऱ्यात बसत नाही, तो भट्टीच्या झाकणाशी बसतो, असे माझे मत आहे.

वर्षाला दहा हजार टन फेरोमँगनीज काढणारी भट्टी धरू. टनामागे साधारण 1.3 टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे रोजचे चाळीसेक टन. विंध्याचलचा संच पकडतो त्याच्या दुप्पट. भट्टी उघडी असेल तर वर आलेला कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळतो, धुराडे भोवतालची भरपूर हवा ओढते आणि कार्बन डायऑक्साइड दोन-चार टक्क्यांवर येतो. बारा टक्क्यांऐवजी दोन टक्क्यांतून तो वेगळा करायला सैद्धांतिक ऊर्जा दुप्पटही लागत नाही. पण तेवढाच माल मिळवायला सहापट वायू हाताळावा लागतो. मनोऱ्याचा छेद सहापट, पंख्याची वीजही त्याच पटीत, शिवाय मनोऱ्यात कार्बन डायऑक्साइड शोषणारे अमाइनचे द्रावण त्या हवेतल्या ऑक्सिजनने नासते ते वेगळेच. ऊर्जेचे बिल महिन्याला येते, पोलादाचे पैसे मात्र आधी मोजावे लागतात आणि त्यावर व्याजही चढते.

झाकण लावून भट्टी बंदिस्त केली की हिशेब बदलतो. निघणाऱ्या वायूत दोन भाग मोनॉक्साइड आणि एक भाग डायऑक्साइड धरला, तर तो बॉयलरमध्ये जाळल्यावर एकूण कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे सुमारे 4.3 गिगाज्यूल उष्णता मिळते. बॉयलरमध्ये पाचवा हिस्सा वाया गेला तरी 3.4 उरते. साध्या, जुन्या, बाजारात सहज मिळणाऱ्या मोनोइथेनॉलअमाइनला टन वायू सोडवायला 3.5 ते 4 गिगाज्यूल लागतात. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी टन भट्टीच्याच उष्णतेवर पकडता येतात. त्यापुढच्या प्रत्येक टनाला बाहेरची वाफ हवी, म्हणजे बहुधा कोळसा. नव्वदचा आकडा अहवालात शोभतो खरा, पण इथे पंच्याऐंशीवर थांबणे हाच शहाणा आराखडा. महागडे पेटंट द्रावणही मग कशाला?

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. बंद भट्टीला खनिजाचा चुरा चालत नाही. वायूच्या वाटा तुंबतात, माल एकदम खचतो आणि आत मोनॉक्साइड असताना ते जिवावर बेतू शकते. चुऱ्याचे आधी सिंटरिंग, म्हणजे भाजून ढेकळे, करावे लागेल आणि तो खर्च कार्बनच्याच खात्यात मांडला पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा. टनभर फेरोमँगनीजला अडीच हजारांहून जास्त युनिट वीज लागते. युनिटमागे 0.7 किलो धरले तर विजेचाच कार्बन डायऑक्साइड पावणेदोन टनांच्या पुढे जातो, भट्टीच्या धुरापेक्षा जास्त. मग पैसा आधी सौर विजेवर का घालू नये? जरूर घालावा. पण कोकने खनिजातला प्राणवायू ओढून घेतल्यावर जो कार्बन निघतो, त्यावर सौर पॅनेलचा इलाज नाही. राहता राहिला पकडलेल्या वायूच्या मुक्कामाचा प्रश्न. वेल्डिंगला किंवा सोडा-बाटलीला विकला तर तो पुन्हा हवेतच जातो आणि दख्खनच्या बेसाल्टात तो कायमचा गाडण्याची सोय आज तरी उभी नाही. म्हणूनच मनोऱ्याची घाई नको, त्याची जागा तेवढी नकाशात राखून ठेवावी. झाकण, वायू धुण्याची यंत्रणा आणि बॉयलर मात्र आताच बसवावेत. मनोरा येईपर्यंत त्या वाफेवर वीज निघेल आणि ग्रिडकडून तितके युनिट कमी घ्यावे लागतील.