'अवघा' महाराष्ट्र

गीतरामायण शिकवताना मी वर्षानुवर्षे एक वाक्य उच्चारीत आलो: १ एप्रिल १९५५पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमा-बाबूजींची छप्पन गीते प्रसारित झाली आणि अवघा महाराष्ट्र रेडिओभोवती बसला. एका सुट्टीत मुखेडला आजोबांपुढेही तेच बोललो. ते हसून म्हणाले, "आपलं मुखेड कुठं होतं रे तवा महाराष्ट्रात?"

खरेच होते. ती मालिका १९५६ साली संपली, तेव्हा मुखेड हैदराबाद राज्यातच होते; १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले. निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेल्या आजोबांची संध्याकाळ बॅटरीवरच्या रेडिओपुढे, हैदराबाद केंद्राच्या गझला-कव्वाल्या ऐकण्यात जाई. बुधवारी मात्र सिलोनवरची बिनाका गीतमाला. रामायण त्यांना पोथीतून आणि भजनातून भेटले होते, रेडिओतून नव्हे.

वाङ्मयेतिहासाच्या ज्या पुस्तकांवर मी एम.ए. झालो, त्यांत ही संध्याकाळ मला कुठे भेटली नाही. आणि मुखेडचा असूनही तिची उणीव मला कधी जाणवली नाही. आता वर्गात ते वाक्य म्हणताना 'अवघा' हा शब्द मी गाळतो. आजोबांना हे सांगायचे मात्र राहून गेले.