भांड्यांवरची नावे

दिवाळीच्या आधी माळ्यावरची भांडी खाली काढून घासायची, हा आमच्या घरचा जुना नेम. यंदा भांडी घासता घासता मी त्यांच्यावरची नावेच वाचीत बसले. एका पातेल्यावर आत्याबाईंचे नाव, त्याखाली 'बारशानिमित्त' आणि तारीख. एका तांब्यावर मामांचे नाव आणि गाव. कोणी दिले, कशाबद्दल दिले, केव्हा दिले, सारे ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत! मला हसू आले. ज्या गोष्टीने मला वर्षभर रडकुंडीस आणले, ती आमच्या भांडेवाल्याला केव्हापासून ठाऊक होती!

त्याचे असे झाले. मुलगी लग्न होऊन गेली, घर रिकामे वाटू लागले, तेव्हा वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी इतिहास घेऊन एम. ए.ला नाव घातले. "हौस दांडगी आहे!" एवढेच हे म्हणाले. ते कौतुक होते की आणखी काही, हे मी अद्याप ठरवलेले नाही. प्रबंधिकेला विषय घेतला मुंबईतल्या १८९६ सालच्या प्लेगचा. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. हे वाचण्यात मी इतकी रमले, की दोनदा आमटी करपली.

वाचन बहुतेक संगणकावरच. एका संकेतस्थळावर, माणसे शहर सोडून कशी पळाली याचे मोठे चटका लावणारे वर्णन होते. खाली आधार दिला होता तो त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्या १८९७ सालच्या अहवालाचा, पृष्ठांकासकट. मी वर्णन घेतले आणि तळटीपही जशीच्या तशी उचलली. संकेतस्थळाचे नाव कशाला हवे? अहवालाचे नाव कसे भारदस्त दिसते!

सरांनी मसुदा चाळताना नेमके तिथेच बोट ठेवले.

"ताई, हा अहवाल आपण पाहिलात?"

सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांच्यापुढे नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हटले, "हो, पाहिला ना."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारच्या काकूंनी पाठवलेल्या चकल्या 'मीच केल्या' म्हणून मी पाहुण्यांपुढे कधी ठेवल्या नाहीत. आणि इथे?

सकाळी ते पान पुन्हा उघडायला गेले, तर 'पान उपलब्ध नाही' एवढीच पाटी! घाबरून मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, रडू नकोस. वेबॅक मशीनवर तो पत्ता घाल." संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारे हे कोठार २००१ पासून सर्वांना खुले आहे. पान सापडले. या खेपेस मी ते शांतपणे वाचले, आणि हातपाय गार पडले. स्नोसाहेबांचा आधार आधीच्या वाक्याला होता. ते सुंदर वर्णन त्या लेखकाचे स्वतःचे होते! न पाहिलेल्या अहवालाच्या तोंडी मी दुसऱ्याचेच शब्द घातले होते.

तशीच उठून सरांकडे गेले आणि सगळे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "जे वाचलंत, तेच लिहा. अहवालातलं काही या लेखातून घेतलंत, तर 'अमुक लेखात उद्धृत' असं म्हणा. त्यात कमीपणा नाही."

मग त्यांनी मला पाठ दिला. लेखकाचे नाव, तो नसेल तर संस्थेचे. लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, प्रसिद्धीची तारीख, आणि पूर्ण पत्ता, नुसते मुखपृष्ठ नव्हे. तारीख छापलेली नसेल तर तसे सांगावे, मनाने घालू नये. पान बदलणारे असेल तर आपण ते कोणत्या दिवशी पाहिले तेही लिहावे. शोधनिबंधाला डीओआय क्रमांक असेल तर तोच द्यावा. नियतकालिकाचे बिऱ्हाड हलले तरी तो क्रमांक वाचकाला नव्या दारी नेतो. आणि पान सापडताच त्याची प्रत कोठारात ठेवावी. पत्ते हरवायला वेळ लागत नाही. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ साली दाखवून दिले, की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रांत दिलेल्या पत्त्यांपैकी निम्म्यांवर मूळ मजकूर सापडतच नव्हता. तिथे माझी काय कथा!

पुढे प्रबंधिका बांधून घरी आली. ह्यांनी ती हातात घेतली, चष्मा लावला आणि चक्क तळटिपाच वाचायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पानोपानी दुसऱ्यांचीच नावं. यात तुझं असं काय?"

मी पातेले पुसून फळीवर ठेवले, आत्याबाईंचे नाव दिसेल असे. म्हटले, "कुणाचं काय ते सांगितलंय ना? आता उरलेलं सगळं माझं."