कंट्रोलचे बटण आणि अडलेला पडदा



आपल्या वस्त्यांतून आता घरटी एखादा तरी मुलगा किंवा मुलगी संगणकावर पोट भरणारी आहे. कुणी बँकेच्या कामाला, कुणी सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीत रात्रपाळीला. आईबाप विचारतात, "तू तिथे नेमके करतोस तरी काय?" मुलांना सांगता येत नाही. कारण तो संगणक आपल्या ओळखीचा नसतो. त्यावर चित्रे नाहीत, माऊसचे काम नाही. नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरे. त्याला टर्मिनल म्हणतात. आम्ही नोकरीची बहुतेक वर्षे याच काळ्या पडद्यापुढे काढली, म्हणून त्याच्याविषयी चार गोष्टी हक्काने सांगतो.

पूर्वी टर्मिनल म्हणजे खरोखरचे यंत्र असे. १९६३ साली अमेरिकेत टेलीटाइप मॉडेल ३३ नावाचे यंत्र निघाले. टाईपरायटरसारखेच, पण तारेने दूरच्या यंत्राशी जोडलेले. सेकंदाला दहा अक्षरे कागदावर उमटत. त्याच साली आस्की नावाची अक्षरांची सांकेतिक यादी ठरली. तिच्यात एकूण १२८ जागा. त्यातल्या ३३ जागा अक्षरांना नव्हे, तर हुकमांना दिलेल्या. कागद एक ओळ वर सरकव, छापणारा भाग डावीकडे परत ने, घंटी वाजव, असे ते हुकूम. यांनाच कंट्रोल कोड म्हणतात.

हे हुकूम द्यायचे कसे? त्यासाठीच कीबोर्डवर कंट्रोलचे बटण आले. हिशेब अगदी सोपा आहे. यादीत मोठ्या ए अक्षराचा क्रमांक ६५. कंट्रोल धरून ए दाबले की ६४ वजा होतात आणि १ क्रमांकाचा हुकूम जातो. जी चा क्रमांक ७१, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, म्हणजे घंटी. एम चा क्रमांक ७७, त्यातून ६४ गेले की १३. एंटरचे बटण टर्मिनलमध्ये हाच १३ क्रमांक पाठवते. म्हणून एंटर बिघडले तरी कंट्रोल-एमने काम चालते. एवढी वजाबाकी ज्याला येते, त्याला यात जादू वाटण्याचे कारण नाही.

एक गंमत सांगतो. यादीतला शेवटचा, १२७ क्रमांकाचा हुकूम खोडण्याचा. तो शेवटी का? तेव्हा मजकूर कागदी पट्टीवर भोके पाडून साठवत. पाडलेले भोक बुजवता येत नाही. मग चुकलेल्या अक्षरावर सातही भोके पाडून टाकत आणि वाचणारे यंत्र ती जागा सोडून पुढे जाई. सातही भोके म्हणजेच १२७. ती कागदी पट्टी गेली, पण लिनक्सच्या टर्मिनलमध्ये बॅकस्पेस दाबले की बहुधा आजही १२७ च जातो.

पुढे कागद जाऊन काचेचा पडदा आला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली व्हीटी१०० हे टर्मिनल काढले. आडवी ८० अक्षरे, उभ्या २४ ओळी. एस्केप, म्हणजे २७ क्रमांकाचा हुकूम, आणि त्यापुढे ठराविक चिन्हे पाठवली की पडदा पुसला जाई, अक्षरे ठळक होत, टिचकीची जागा बदले. ती कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने विकत घेतली. ते यंत्र आता कार्यालयांतून दिसत नाही. पण आजच्या संगणकावर टर्मिनलची खिडकी उघडली की ती त्या व्हीटी१०० चीच नक्कल करते. म्हणून तिला टर्मिनल इम्युलेटर म्हणतात. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली घरून विद्यापीठाचा संगणक वापरता यावा म्हणून असाच एक टर्मिनल इम्युलेटर लिहायला घेतला. तोच वाढत वाढत लिनक्स झाला.

आम्ही कामाला लागलो तेव्हा हे कुणी शिकवले नाही. जुने ऑपरेटर बटणांची यादी खिशात ठेवत. आम्ही मागे उभे राहिलो की त्यांचा हात थांबे. विचारले तर म्हणत, "अनुभवाने येईल." अनुभव येईपर्यंत बोलणी आम्ही खायची. त्यांची भाकरी त्या कागदावर होती, हे आम्हाला कळत होते. पण आमची भाकरीही तिथेच होती.

तीच गोष्ट दोन वर्षांपूर्वी पुन्हा पाहिली. आमच्या शेजारची मुलगी एका कंपनीत कंत्राटावर लागली. वडील रिक्षा चालवतात, कोर्ससाठी कर्ज काढलेले. तिसऱ्याच रात्री अडीच वाजता तिचा फोन आला. पगाराची यादी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चढत होती. पडद्यावर ओळी धावत होत्या, त्या एकाएकी थांबल्या. सुपरवायझर म्हणत होता, "तू सर्व्हर पाडलास. सकाळी साहेब आले की तुझा हिशेब होईल." तो मशीन बंद करायला निघाला होता.

आम्ही विचारले, "बाळ, शेवटचे काय दाबलेस?"

"काका, सेव्ह करायला कंट्रोल-एस. कोर्सला तीच सवय लागलीय."

"मशीन बंद करू देऊ नकोस. दुसरे काही दाबू नकोस. फक्त कंट्रोल धरून क्यू दाब."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "काका, चाललं!"

कारण साधे होते. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह नव्हे, तर 'थांब, पाठवू नकोस' हा १९ क्रमांकाचा हुकूम. कंट्रोल-क्यू म्हणजे १७, 'आता पाठव'. टेलीटाइपच्या कागदी पट्टीचे यंत्र थांबवायला आणि सुरू करायला हे हुकूम होते. सर्व्हर पडलाच नव्हता, नुसता वाट पाहत उभा होता. अशा वेळी घाबरून भराभर बटणे दाबू नयेत, कारण दाबलेले सारे रांगेत साठते आणि पडदा सुटला की एकदम लागू होते. मुलीची नोकरी राहिली. दोष तिचा नव्हताच. तिला कुणी सांगितलेच नव्हते, आणि ज्याने सांगायचे तोच तिला दटावत होता.

म्हणून ज्यांच्या घरी असे काम करणारे कुणी आहे, त्यांच्यासाठी आमचा खिशातला कागद इथे उघडा करतो. चाललेले काम तोडायचे असेल तर कंट्रोल-सी. कंट्रोल-झेडने इथे चूक मागे जात नाही, काम नुसते बाजूला थांबते; 'एफजी' ही दोन इंग्रजी अक्षरे लिहून एंटर दाबले की परत येते. कंट्रोल-डी म्हणजे 'माझे सांगून संपले'. रिकाम्या ओळीवर दाबले तर बहुधा बाहेरच पडाल. ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, शेवटी जायला कंट्रोल-ई. मागचा एक शब्द खोडायला कंट्रोल-डब्ल्यू. पासवर्ड चुकला असे वाटले तर कंट्रोल-यू दाबून सगळा पुसा आणि नव्याने लिहा. पूर्वी लिहिलेली आज्ञा शोधायला कंट्रोल-आर आणि तिच्यातली दोन-चार अक्षरे. नक्कल करायला इथे कंट्रोल-सी चालत नाही. लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलांत त्यासाठी शिफ्टही सोबत दाबावे लागते.

कधी भलतीच फाईल उघडली जाते आणि पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात. तिच्यातले अंक टर्मिनलने हुकूम समजून पाळलेले असतात. तेव्हा कंट्रोल-जे दाबून 'रीसेट' हा शब्द इंग्रजीत लिहावा आणि पुन्हा कंट्रोल-जे दाबावे. अक्षरे दिसली नाहीत तरी न डगमगता लिहावे, पडदा पूर्ववत होतो.

हा मजकूर कापून मुलांच्या दप्तरात किंवा डब्याच्या पिशवीत घालून द्या. आणि त्यांना एक सांगा: शेजारच्या टेबलावर उद्या नवे पोर येऊन बसेल, त्याचा पडदा अडला तर हसू नका. हात पुढे करा आणि कोणते बटण, कशासाठी, ते कारणासकट सांगा. त्याने आपली भाकरी कमी होत नाही.