एका बोटावरची चाल

घोड्याचं लंगडणं डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. शिंगराला डांबरी रस्त्यावर दुडकीनं सोडावं, आपण पाठ करून उभं राहावं आणि ऐकावं. टप-टप, टप-टप असे सारख्या वजनाचे ठोके आले तर पाय बरा. एक ठोका भरीव आणि दुसरा चोरटा आला, तर कुठला तरी पाय जमिनीवर टेकायला कचरतोय. मग वळून मान बघायची. पुढचा दुखरा पाय टेकताना मान वर जाते, धड पाय टेकताना खाली येते. मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी हे सारं मला धनगरदादांनी एका दमात सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, पुढे निघणार होता आणि त्यांचं लंगडं शिंगरू माझ्याकडे मागे राहणार होतं.

ऐकायला आमच्या चिपळूणजवळच्या अलोऱ्यासारखी जागा नाही. कोयना वीज प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी इथं वसाहत झाली. १९७५ साली कोळकेवाडीचं धरण पुरं झालं, पुढे चौथा टप्पा आला, १९९९च्या मार्चमध्ये कोयनेच्या जलाशयाला तळातून भोक पाडणारा तो लेक टॅपिंगचा स्फोट झाला. तेव्हाची वर्दळ मी पाहिली आहे. माझे वडील प्रकल्पावर फिटर होते. सायकली, शाळेची मुलं, बाजाराच्या दिवशीची गर्दी. कामं संपली तशी माणसं बदलीनं, निवृत्तीनं गेली. कित्येक क्वार्टर्सची दारं बंद आहेत, काहींच्या भिंतींतून उंबर उगवलेत. आखीव रस्ते मात्र तसेच राहिले, त्यांवर आवाजाला आवाज लागत नाही. या रस्त्यांवर मी काही महिने एक घोडी हातावर फिरवली.

आमच्याकडचे गवळी-धनगर म्हशीवाले, डोंगरात राहणारे. हे दादा घाटावरचे, मेंढरंवाले. भातं कापून झाली की असे वाडे खाली उतरतात, रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवतात. रात्रभर वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, बसलेल्या मेंढरांच्या लेंड्यांनी आणि मुतानं जमीन खतावते, शेतकरी त्याबद्दल भात देतो, नाहीतर पैसे. सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतं: भांडी, वाघरी, वाकळा, कोंबड्यांची डाली, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधीकधी पोरही. ही घोडी दिसायला साधीच. उंची बेताची, पोट खपाटीला, खूर मात्र घट्ट. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्यावर दूरवर गेल्या त्या भीमथडीच्या तट्टांचं हे रक्त. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ते वाचून मला मनापासून आनंद झाला. आजवर तिला जपलं ते धनगरांच्या वाड्यांनी, आणि तेही ओझं वाहायला लागतं म्हणून.

दादांचा वाडा कुंभार्ली घाट उतरत असताना एका वळणावर ट्रकचा कर्णा वाजला. दीड वर्षाचं मादी शिंगरू, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, बिचकून गटारातल्या दगडांत गेलं. बाहेर आलं ते तीन पायांवर. आमच्या खाचरात पोचेपर्यंत पुढच्या डाव्या पायाची नळी मागून सुजून केळ्यासारखी वाकलेली दिसत होती, आणि हात लावला तर भाजावा इतकी गरम. मागचा एखादा पाय सैल सोडून उभं राहणं ही घोड्याची सवयच आहे, त्याला काही अर्थ नसतो. पण पुढचा पाय पुढं टाकून, टोकावर टेकवून उभं राहिलं की ते दुखणं. ती तशीच उभी होती, रात्रभर.

चिपळूणहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बोटांनी नळीमागची शीर, म्हणजे कंडरा, खालपर्यंत चाचपत नेली, एके जागी ती थरथरली. हाड शाबूत होतं. शिरेचे धागे तुटले होते. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण घोड्याला तो फार पटकन धरतो. मग अंगणात बसून त्यांनी मला पाय समजावला. घोडा एका बोटावर चालतो. आपल्या मधल्या बोटाचं नख म्हणजे त्याचं खूर. ज्याला आपण पुढचा गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट, आणि त्याच्या खाली मांस नाहीच, नुसत्या शिरा आणि हाड. शिरेला रक्त कमी पोचतं, म्हणून ती भरायला वर्ष लागतं. भरते तीही पहिल्यासारखी नाही. नवे धागे आडवेतिडवे येतात. नुसतं बांधून ठेवलं तर तसेच राहतात. रोज मोजून चालवलं तर ते ओढीच्या दिशेला लागत जातात. जास्त चालवलं तर पुन्हा तुटतात. म्हणजे चालणं हेच औषध आणि चालणं हेच विष, आणि मधली रेघ कुठं आहे ते ज्याच्या हातात दोर त्यानं ओळखायचं.

सुरुवातीचं औषध होतं गार वाहतं पाणी, दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या नद्या दगडांचा ढीग होऊन पडतात, पण आमची वाशिष्ठी वाहते ती कोयनेच्या अवजलावर. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पाणी येतं, पोफळीला आणि कोळकेवाडीला वीज करून बाहेर पडतं आणि वाशिष्ठीला मिळतं. मूळ वाटेनं ते कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. लवादानं ठरवून दिलेलं वर्षाचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं पश्चिमेला उतरतं, दाभोळच्या खाडीत जातं. राजा बढ्यांच्या गीतात, जे २०२३ साली राज्यगीत झालं, कोयना आणि भीमथडीची तट्टं एकाच कडव्यात आहेत. शाळेत ते गीत किती वेळा म्हटलं असेल. पण घाटावरची नदी आणि घाटावरची घोडी, दोघीही डोंगर ओलांडून आपल्या दारात आलेल्या, एकीत दुसरीचा पाय बुडालेला, हे पाहत मी काठावर उभी होते तेव्हा कुठं ते कडवं मला खरं वाटलं.

या पाण्याचं एक आहे. ते विजेच्या मागणीवर येतं. राज्यात दिवे लागायची वेळ झाली, पंखे-मोटारी एकदम चालू झाल्या की इथली जनित्रं फिरतात आणि पात्र बघता बघता चढतं. इथल्या पोराबाळांनाही हे ठाऊक असतं. म्हणून आमची पाण्याची वेळ सकाळची आणि दुपार कलतानाची. एक चपटा काळा दगड होता. त्याच्या वर पाणी आलं की निघायचं. पहिले आठ दिवस ती पाण्याला घाबरली. नवव्या दिवशी स्वतःहून उतरली आणि दुखरा पाय आधी आत टाकला. जनावराला आराम कशात आहे हे सांगावं लागत नाही, ते त्याला सापडेपर्यंत आपण धीर धरायचा.

रात्री मात्र ती हंबरायची. शिंगराच्या आवाजाला हंबरणं म्हणत नाहीत, खिंकाळणं म्हणतात, पण तो आवाज वासराच्या जवळचाच होता. तिची आई वाड्याबरोबर गुहागरच्या अंगाला गेली होती. मी कंदील घेऊन बाहेर जायचे, खरारा करायचे, ती मान माझ्या खांद्यावर टाकायची. इतके दिवस ती आडवी झाली नव्हती, उभ्यानेच डुलक्या घ्यायची. घोड्याचे पाय तसे कुलूप लावून उभे राहू शकतात. पण पाय दुखत असला की खाली बसायची भीती वाटते, उठताना भार त्याच पायावर येणार म्हणून. आणि तीन पायांवरच उभं राहिलं तर काही दिवसांनी उरलेला चांगला पायही बिघडतो, त्याचं खूर आतून सुटू लागतं. मला झोप लागत नसे ती याच धास्तीनं. माघातल्या एका पहाटे दार उघडलं तर ती पेंढ्यात आडवी पसरली होती. माझ्या काळजाचा ठोका चुकला. चाहूल लागताच तिनं पुढचे दोन्ही पाय टाकले, उठली, अंग झाडलं आणि माझ्याकडे बघत पेंढा खायला लागली. मी अंगणातच मटकन बसले आणि रडले.

त्यानंतरचे दिवस मोजणीचे. आधी पाच मिनिटं, सरळ रस्त्यावर, हातावर. मग सात. आठवड्यानं दहा. वाटेत उरलीसुरली माणसं गॅलरीत यायची. एक निवृत्त आजोबा रोज विचारायचे, "आज किती?" आणि मी सांगितलेला आकडा स्वतःशी म्हणायचे. फाल्गुनात दुडकीचे ठोके सारखे यायला लागले. नळीची सूज उतरली, तिथं बोटाला लागणारी एक गाठ तेवढी राहिली.

याच दिवसांत मला दुसरी काळजी लागली. पाय भरत होता, पण कशासाठी? वाड्यात घोडीची किंमत ओझ्यात होते. घाटाची उभी चढण आणि पाठीवर बिऱ्हाड या शिरेला सोसेल का? शिवाय दादांनी जातानाच सांगितलं होतं, काही वाडे आता बिऱ्हाड टेंपोत घालतात, घोडी कमी करतात. कमी केलेली घोडी कुठं जाते? बाजारात. तिथून कुणी वरातीला नेतं, कुणी टांग्याला, कुणी कुठं. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखालाखांची घोडी नटूनथटून उभी असतात, पण नळीवर गाठ असलेल्या तट्टाकडे तिथं कोण बघणार? मीच ठेवून घ्यावी असं शंभरदा वाटलं. पण आमचा पाऊस चार महिन्यांचा, सगळीकडे चिखल, त्यात खूर कुजतं. आणि कळपात वाढलेल्या जनावराला एकटं ठेवणं मला बरं वाटत नव्हतं.

वैशाखात वाडा परत आला. आईनं लांबूनच आवाज दिला, हिनं दाव्याला हिसका मारला. दादा आले ते पाण्याचा तांब्याही न घेता पायाशी बसले. अंगठ्यानं शीर वरून खाली, खालून वर. गाठीशी थांबले. मग त्यांच्या पोरानं तिला वसाहतीच्या रस्त्यावर पळवलं. आम्ही दोघं पाठ करून उभे राहिलो.

"काय आलं ताई कानावर?"

"सरळ रस्त्याला काहीच नाही. शाळेच्या वळणावर एक ठोका हलका."

"मलाबी त्येच आलं," ते म्हणाले. बराच वेळ गप्प राहिले. "यंदा ओझं न्हाई घालत. दिवाळीच्या म्होरं उतरू, तवा बगू."

"आणि तेव्हाही हलका आला तर?"

ते काही बोलले नाहीत. तिच्या कपाळावरचा ठिपका त्यांनी चोळला.

पहाटे बिऱ्हाड लादताना त्यांच्या म्हाताऱ्या आईनं कुणाला न विचारता एक डालं उचललं, आत दोन कोंबड्या होत्या, आणि ते हिच्या पाठीवर आवळलं. "मोकळी चालली तर वाड्यातली वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. मी डाल्याखाली वाकळेची घडी सरकवली, आणि त्यांनी ती पुन्हा नीट केली.