गिरण्यांची जमीन

बाग हवी की घर हवे, असा वाद शहरांत वरचेवर ऐकू येतो. मुंबईच्या गिरणगावाची हकीकत आठवली म्हणजे मला तरी हा वादच खोटा वाटू लागतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांनी सुमारे ६०० एकर जमीन व्यापलेली होती. १९८२ च्या संपानंतर कित्येक गिरण्या बंद पडल्या. १९९१ साली नियम झाला, की अशा जमिनीवर नवे बांधकाम करताना तिचे साधारणतः तीन वाटे करावेत: एक बागा-मैदानांसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. किती समंजस वाटणी! दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या कामगाराच्या मुलाला घरही मिळाले असते आणि खेळायला मैदानही. (आजवर बिचारा गल्लीतच चेंडू खेळत आला आहे.) परंतु २००१ साली नियम बदलला. इमारतींखालची जमीन हिशेबातून वगळली गेली. वाटणीला उरली ती आधीपासून मोकळी असलेली जागा, आणि गिरणीच्या आवारात ती असून असून कितीशी असणार? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. बागेचा वाटा आटला, त्याबरोबर घरांचाही आटला.

आज तेथे उंच मनोरे आणि झगमगते बाजार उभे आहेत. काही गिरणीकामगारांना सोडतीत घरे मिळाली. पुष्कळ जण अद्याप वाट पाहत आहेत.