आमच्या गॅलरीतली भांग

माझ्या हातून आजवर एकही झाड जगलेले नाही. ही गोष्ट आमच्या घरात इतकी सर्वमान्य आहे की तिच्याविषयी आता कोणी वादही घालत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी हौसेने आणलेला मोगरा पाण्यावाचून गेला. त्या अनुभवाने शहाणा होऊन पुढे आणलेला निवडुंग पाण्याने गेला. तुळस तेवढी टिकून आहे. पण ती सौ.च्या ताब्यात आहे, आणि तिच्या आसपास मी घुटमळू लागलो की 'तुम्ही आत बसून पेपर तपासा' असे मला सांगण्यात येते. अशा माणसावर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गॅलरीत भांग लावल्याचा आळ यावा, याला काय म्हणावे?

सगळी हकीगत पहिल्यापासून सांगतो. वडील गेल्यावर आईला मी जिंतूरकडच्या आमच्या गावाहून पुण्याला आणले. ती आली, पण आल्यापासून तिचे जेवण तुटले. चतकोर पोळी पानात घेऊन बसायची आणि तीही नातवाच्या पानात सरकवायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि 'काही नाही' म्हणून सांगितले. काही नाही म्हणजे काय, हे त्यांनाही सांगता येईना. सौ.ने नाना प्रकार करून पाहिले. आई सगळ्याला 'चांगलं झालंय गं सूनबाई' म्हणायची आणि उठायची.

एके दिवशी आपणहून म्हणाली, "अंबाडीची भाजी खावी वाटती."

मी त्याच पावली मंडईत गेलो आणि दोन जुड्या घेऊन आलो. आईने जुडी हातात घेतली, देठ पाहिला आणि खाली ठेवली. "ही लाल. आपली हिरवी ऱ्हाती. हिला ती चव न्हाई."

अंबाडीत लाल आणि हिरवी असा भेद असतो हे मला त्या दिवशी कळले. दहाव्या वर्षी शिक्षणासाठी मी गाव सोडले ते सोडलेच. पुढे वसतिगृह, पुढे एम. ए., पुढे नोकरी. ग्रामीण साहित्य मी वर्गात शिकवतो, आणि त्यातल्या शिवारावर बरे बोलतो असे विद्यार्थी म्हणतात. खऱ्या शिवाराशी माझा संबंध उन्हाळ्याच्या सुटीपुरता, तोही बाजेवर पडून.

मे महिन्यात चुलतभाऊ आला, तेव्हा त्याच्याबरोबर आईने गावच्या घरातून एक गाठोडे मागवले होते. जुन्या धोतराच्या फडक्यात मूठभर बी बांधलेले. करड्या रंगाचे, तिकोनी, दिसायला अगदी सामान्य. "दोन डब्यांत टाक," आई म्हणाली. रंगाचे रिकामे डबे मिळाले, त्यांना तळाशी भोके पाडली, माती आणि गांडूळखत विकत आणले (माती विकत घ्यायची म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला), आणि मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर मी पेरणी केली.

पेरणीच्या नावाखाली मी काय केले ते सांगायला संकोच वाटतो. सगळेच्या सगळे बी दोन डब्यांत ओतले आणि वर माती लोटली. पाचव्या दिवशी डब्यांत इतकी गर्दी झाली की आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाची आठवण व्हावी. आई म्हणाली, "उपट. एका डब्यात चार ठेव." मला उपटवेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही उगवले होते! शेवटी आईच स्टूल घेऊन बसली आणि भराभर रोपे उपटून ताटात टाकू लागली. त्या कोवळ्या रोपांची वाटीभर भाजी झाली. आईने त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. सौ. स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहून काही बोलली नाही, पण संध्याकाळी डब्यांना पाणी तिने स्वतः घातले.

पाण्यावरूनही माझे चुकले होतेच. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घाली, त्यात पावसाची भर. पाने पिवळी पडली. मग पिठ्या ढेकूण लागले. आईने चिंधी साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक काडी पुसून काढली. हे काम करताना ती गुणगुणत असे. वडील गेल्यापासून मी तिचे गुणगुणणे ऐकले नव्हते.

जुलैच्या अखेरीस झाडे कमरेला लागली आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. अंबाडीच्या झाडाची एक खोड आहे. खालची, लहानपणीची पाने साधी, हृदयाच्या आकाराची, कोणालाही सज्जन वाटावीत अशी असतात. झाड वाढू लागले की वरची पाने फाटू लागतात: आधी तीन बोटे, मग पाच, मग सात, कडा करवतीसारख्या, बोटे लांब आणि निमुळती. मी ही पाने कौतुकाने पाहत होतो. आपण काय पाहतो आहोत हे मला वाणसामान घेऊन येणाऱ्या पोऱ्याने दाखवून दिले. पिशवी ठेवता ठेवता त्याची नजर गॅलरीत गेली. त्याने माझ्याकडे पाहिले, पुन्हा झाडाकडे पाहिले, आणि अंगठा वर करून म्हणाला, "सर, एक नंबर!"

त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी जो आदर उमटला, तसा अठरा वर्षांच्या अध्यापनात एकाही विद्यार्थ्याच्या डोळ्यांत मी पाहिलेला नाही.

चार दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी आले. सभ्य गृहस्थ आहेत. सोफ्याच्या कडेवर बसले, चहा घेतला, आईची प्रकृती विचारली, आणि मग मोबाइलवरचा एक फोटो पुढे केला. समोरच्या इमारतीतून काढलेली आमची गॅलरी.

"सर, तुम्ही प्राध्यापक माणूस. मी काही म्हणत नाही. पण लोक म्हणतात."

"अहो, अंबाडी आहे ती! भाजी करतात तिची."

"असेल, असेल," ते म्हणाले, "पण पाने तशी दिसतात ना." आणि तो 'तशी' त्यांनी असा काही उच्चारला की मलाच मान खाली घालावी लागली.

आता शास्त्रीय पुरावा द्यायचा, असे मी ठरवले. आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याला पान दाखवले. तो म्हणाला, अंबाडीच, शंकाच नाही, आणि त्याने कागदावर शास्त्रीय नाव लिहून दिले. मी ते ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर उतरवले आणि पुठ्ठा डब्याला बांधला: 'हिबिस्कस कॅनाबिनस'. संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा आले. या वेळी चहा घेतला नाही. "सर, तुम्ही तर नावच लिहून ठेवलंय," ते म्हणाले.

दोष माझा नव्हता, लिनियसचा होता. त्या थोर स्वीडिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात या झाडाचे बारसे केले, तेव्हा पाने भांगेसारखी दिसतात म्हणून नाव ठेवले कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी. झाड जास्वंदीच्या कुळातले, निरुपद्रवी, शेतकऱ्याला दोर आणि भाजी देणारे. आणि त्याच्या दाखल्यावर मात्र कायमचे हे असे लिहून ठेवलेले! मी पुठ्ठा काढला. काढल्याने संशय वाढला, हे सांगायला नको.

रविवारी कमिटीची बैठक बोलावली गेली आणि माझी झोप उडाली. 'भांगेत तुळस' हा वाक्प्रचार मी गेली अठरा वर्षे समजावून सांगत आलो आहे, पण भांग समोर उभी केली तर ओळखता येणार नाही, हे तेव्हा ध्यानात आले. मग मी वाचू लागलो. जे वाचले त्याने धीर सुटत गेला. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याचे २० वे कलम : भांगेचे झाड लावणाऱ्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. त्याच कायद्यात नुसत्या पानांना गांजा म्हटलेले नाही, म्हणून उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकाने चालतात. पण झाड घरी लावायचे नाही ते नाहीच. इंग्रजांनी १८९३ साली या विषयावर एक आयोग नेमला होता आणि त्याने पुढच्या वर्षी, बेताने घेतली तर भांग फारशी अपायकारक नाही, सरसकट बंदी नको, असा कौल दिला होता. पण हा कौल कमिटीपुढे वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. भाच्याला स्टुटगार्टला फोन केला, तर तो हसत सुटला. "मामा, इकडे या. १ एप्रिल २०२४ पासून इथे माणशी तीन झाडं घरात लावायला परवानगी आहे. तुम्ही, मामी, आजी धरून नऊ होतील!"

पण खरी गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. माणसाचे मन मोठे चमत्कारिक. चार जणांनी 'तसे' म्हटल्यावर मलाही तसेच दिसू लागले. सहकाऱ्याने पाहिले ते एक पान, झाडे आठ. बी आले फडक्यात बांधून. त्यात दुसरे काही मिसळले नसेल कशावरून? गावात महादेवाच्या देवळामागे बैराग्यांचा मुक्काम असे, त्यांच्या चिलमी मी लहानपणी पाहिल्या होत्या. आणि झाडे गेली तर काय बिघडले? कॉलेजात नाव निघण्यापेक्षा भाजी न मिळालेली बरी. आईला सांगू, कीड लागली.

शनिवारी रात्री बारा वाजता मी कात्री आणि विजेरी घेऊन गॅलरीत गेलो. पहिल्या झाडाच्या बुंध्याला हात घातला तो बारीक काटे टोचले. मागे पाहिले तर आई दारात उभी.

"काय करतूस रं?"

खोटे बोलायचे ठरवून ठेवले होते, पण तोंडातून शब्द फुटेना. मी सगळे सांगितले. कायदाही सांगितला. बियाण्याविषयी आलेली शंकासुद्धा सांगितली, आणि सांगता सांगताच ती सांगायला नको होती हे कळले.

आई रागावली नाही. स्टुलावर बसली. म्हणाली, "ते बी तुझ्या दादांनी राखल्यालं हाय. जायच्या आदल्या साली. दावणीला नवी दावी वळायची म्हणून चार ओळी ज्यास्त लावल्या व्हत्या." मग एक पान तोडून माझ्यापुढे धरले. "इतके दिस पानी घालतूस, एकदा चाखून तरी बघितलंस का?"

मी पान चावले. आंबट. चांगले कडकडीत आंबट. जिभेच्या कडा आकसून घेणारे. आमच्या घराच्या पडवीत, वडील पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून वाख वळत बसलेले, आणि मी त्यांच्या पाठीशी बसून ही पाने मिठाला लावून खात होतो. किती वर्षे ही गोष्ट माझ्या डोक्यात कोठे पडून होती कोण जाणे. मी कात्री आत नेऊन ठेवली.

बैठकीत मी एवढेच म्हणालो की फूल येईपर्यंत थांबा. भांगेला पाकळ्यांचे फूल येत नाही, तिचा मोहोर वाऱ्यावर फळतो. अंबाडीला जास्वंदीसारखे फूल येते. कमिटीने नवरात्रापर्यंत मुदत दिली. एका सभासदाने 'म्हणजे तोवर माल तयार' अशी शंका काढली, ती इतिवृत्तात घेतली गेली नाही.

अंबाडी दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर सरत आला, झाडे माझ्या डोक्याच्या वर गेली, गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसेनासे झाले. दररोज सकाळी मी आधी गॅलरीत जाई, मग चहा. आई म्हणे, "येतंय, येतंय. तुझ्या कमिटीला काय कळतंय." घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी पहाटे तिनेच मला हलवून उठवले.

एकच फूल होते. फिकट पिवळे, पातळ, पाच पाकळ्यांचे, आणि मध्ये कुंकू विरघळावे तसा गडद तांबडा डोळा. मी पायजम्यावरच दोन जिने चढून सेक्रेटरींच्या घराची बेल दाबली, कारण हे फूल दुपारी मिटते. ते बिचारे दात घासता घासता आले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "देवाला वाहतात का हो हे?" आईने त्यांना बसवून घेतले आणि जेवूनच जा म्हणून सांगितले. पाने उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवलेली भाजी, वरून लसणाची चरचरीत फोडणी, सोबत भाकरी. त्यांनी दोनदा मागून घेतली. आईने, हे मी मोजले, दीड भाकरी खाल्ली.

दोन झाडे बियांसाठी ठेवली आहेत. बाकीची सहा आईने फुले येऊन गेल्यावर कापली, त्यांच्या काड्या वाकवून न्हाणीघरातल्या मोठ्या बादलीत पाण्याखाली दाबल्या आणि वर पाटा ठेवला. अंबाडी अशी दहा-पंधरा दिवस कुजवावी लागते, मग साल सुटते आणि वाख निघतो. नातवाला झोपाळा करून द्यायचा तिचा बेत आहे. आज बादलीचा नववा दिवस. वास जिन्यापर्यंत पोचला असून सेक्रेटरींची चिठ्ठी काल रात्री दाराखालून आली आहे.