समुद्रातील गवी

बेंगळूरच्या गविपुरम् भागातील मुलांना गुहा ठाऊक असते. तेथील गवी गंगाधरेश्वराचे देऊळ खडकाच्या पोटात कोरलेले असून, मकरसंक्रांतीच्या सायंकाळी सूर्यकिरण नंदीच्या शिंगांमधून थेट पिंडीवर येतो. कन्नडमध्ये गवी म्हणजेच गुहा. परंतु वाचकहो, दुसऱ्या एका प्रकारच्या गवीच्या दारात समुद्र उभा असतो. ती पाहावयाची तर नऊशे मीटर उंचीवरील हे शहर सोडून, रात्रभर प्रवास करून आपण मुरुडेश्वरला उतरावे.

किनाऱ्यावरील 123 फूट उंच शिवमूर्ती मागे पडली, की सुमारे 19 किलोमीटरवरील नेत्राणी बेटाकडे नाव निघते. न्याहारी हलकीच असावी. भर समुद्रात नाव डोलू लागली म्हणजे इडलीही जागा सोडू पाहते! बेट निर्मनुष्य आहे. नौदलाने तोफांच्या सरावासाठी या बेटाचा उपयोग केला होता, हे त्याच्या आजच्या शांततेवरून कोणास खरे वाटणार नाही.

डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात स्नॉर्केलची नळी आणि अंगात तरंगते जाकीट चढवून पाण्यावर पालथे पडावे. खाली प्रवाळांतून पोपटमासे चरत असतात. त्यांच्याकडे पाहता पाहता मनुष्य खडकाच्या कपारीजवळ केव्हा आला, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

या कपारींचा शिल्पकार लाटच. ती भेगेत शिरते, आतील हवा दाबते आणि परतताना ती मोकळी करते. असे असंख्य आघात होऊन भेगेची गुहा बनते. तीच लाट पोहणाऱ्यालाही आत ओढते व वर उचलते. स्नॉर्केल लावलेल्याची दृष्टी खाली असल्याने डोक्यावरचे छत त्याला दिसत नाही. म्हणून तांडेल नको म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये.

आत न जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते अधिक मोठे आहे. या किनाऱ्यावरील सागरी गुहांत पाकोळ्या घरटी करतात. पक्षिशास्त्रज्ञ जर्डन यांनी 1862 साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात या बेटावरील, त्या वेळच्या पिजन बेटावरील, पाकोळ्यांच्या गुहेचा उल्लेख केला आहे. हा चिमुकला पक्षी आपल्या लाळेने वाटीच्या अर्ध्या फोडीएवढे घरटे भिंतीला चिकटवतो आणि त्यात बहुधा दोन पांढरी अंडी घालतो. अंधारात तो टक् टक् असा ध्वनी काढतो व त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतो. चिनी सारासाठी अशा घरट्यांना मोठी किंमत येते. आपल्या वेंगुर्ल्यासमोरील खडकांवरील गुहेतूनही चोरांनी ती खरवडून नेली होती. पुढे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथील पाकोळ्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

अडचण अशी, की समुद्र शांत असतो तेच महिने पर्यटकांचे, आणि फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचे दिवस पिलांचेही. आपल्यालाही दिवा घेऊन आत डोकावण्याचा मोह होईल. त्याऐवजी नावेत परत येऊन यंत्र बंद करण्यास सांगावे. लाट ओसरली, की त्या दोन क्षणांत कान द्यावा.